डाव्या खांद्यावरचा वळ

आईने शर्टाचं तिसरं बटण काढलं तेव्हा धाकट्याने तिचा हात धरला.

"राहू दे. मी काढतो."

"एका हाताने?"

"जमतं मला."

"काल जमत नव्हतं, परवा जमत नव्हतं. आज कुठून जमायला लागलं?" असं म्हणत तिने त्याचा हात बाजूला केला आणि चौथं बटण काढलं.

त्याचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं. हॉस्पिटलमधून आल्यापासून तो त्याच शर्टात झोपत होता, त्याच शर्टात उठत होता. औषधाचा आणि घामाचा असा काही वास खोलीत भरला होता की दारातून आत येताना नाक मुरडावं लागे. आज याला पुसून काढायचाच, असं ठरवून आई गरम पाण्याचा टब, दोन फडकी आणि धुतलेला शर्ट मांडून बसली होती. लहानपणी याच्या अंगावर कपडे चढवायला घरभर धावावं लागे, आणि आता हाच पोरगा शर्ट छातीशी धरून बसला होता. एरवी तिने त्याला यावरून चिडवून हैराण केलं असतं. पण थोरला गेल्यापासून घरात चिडवाचिडवी बंद होती.

शर्ट निघाला तसा तो भिंतीकडे तोंड करून बसला. तिने पाठ पुसली, मान पुसली, कानामागे फडकं फिरवलं.

"आता इकडे फिर."

तो फिरला, पण अगदी सावकाश.

डाव्या खांद्यापासून निघून छातीवरून तिरका खाली, उजव्या कमरेपर्यंत एक रुंद वळ उमटला होता. मध्ये काळाजांभळा, कडांना हिरवट. खांद्यावर जिथे पट्टा रुतला होता तिथली कातडी सोलवटून खपली धरली होती.

"बाई गं," आई म्हणाली. "आणि हे तू आम्हाला दाखवलंही नाहीस."

"डॉक्टरांनी पाहिलंय."

"पट्ट्याने वाचवलं रे तुला."

ती वळाच्या कडेकडेने हलक्या हाताने पुसू लागली, आणि पुसता पुसता तिच्या मनात आलं, डावा खांदा. डावा कसा?

या घराचं पोट गाड्यांवर चालत होतं. तीन चाकांच्या, उघड्या, हौशी लोकांनी भरधाव पळवायच्या गाड्या. पुढे दोन चाकं, मागे एक. छत नाही, दारं नाहीत, समोरची काच म्हणाल तर वीतभर. अंगणात उभी असली की वाळूत रुतलेली होडी वाटायची, म्हणून घरात आणि गल्लीत सगळे तिला होडीच म्हणत. आईच्या नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि हळूहळू आईसुद्धा तेच म्हणायला लागली होती. उस्तादांनी पहिली होडी बनवली तेव्हा त्यांचं सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पट्ट्यांनी. साध्या मोटारीत पट्टा दाराशेजारच्या खांबातून निघतो आणि बाहेरच्या खांद्यावरून छातीवर उतरतो. होडीला खांबच नाही, मग पट्टा बांधायचा कशाला? शेवटी त्यांनी तो दोन सीटांच्या मधोमध, डोक्यामागच्या लोखंडी कमानीला बांधला. त्यामुळे होडीत पट्टा आतल्या खांद्यावरून येतो. डावीकडे बसणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून, आणि उजवीकडे बसून चालवणाऱ्याच्या डाव्या.

पहिल्यांदा होडीत बसलेलं गिऱ्हाईक हमखास भलत्याच बाजूला हात नेऊन पट्टा चाचपडायचं. दोघा भावांची त्यावर फार करमणूक व्हायची.

धाकट्याने सगळ्यांना सांगितलं होतं की दादा चालवत होता.

आईने फडकं पाण्यात बुचकळलं, पिळलं आणि पुन्हा त्याच जागेवरून फिरवलं.

"दुखतंय?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

ती आपली सवयीने बोलून गेली, कुठलीही आई बोलेल तसं. पण त्याचं सगळं अंग ताठ झालं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर टबातल्या गढूळ पाण्याकडे वळवली. तिने त्याला धुतलेला शर्ट घातला आणि सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा.

घडलं होतं ते असं, म्हणजे धाकट्याने सांगितलं होतं ते असं. नवी होडी तयार झाली म्हणून दोघं भाऊ तिला रस्त्यावर घेऊन गेले. थोरल्याने जरा जोरात घेतली. वळणावर एक मजूर रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ रंगवत बसला होता, तो थोरल्याला दिसला नाही. होडी त्याला उडवून कठड्यावर आदळली. धाकटा पट्ट्यात अडकून राहिला. थोरल्याने पट्टा लावलाच नव्हता, तो बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. मजूर वाचला, पण त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पट्टा का नव्हता लावला, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं होतं.

"म्हणाला, इथल्या इथे तर जायचंय, पट्टा कशाला," धाकट्याने सांगितलं होतं.

आता थोरला म्हणजे कोण, तर पट्टा लागल्याचा टक आवाज ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली न देणारा माणूस. एका बड्या माणसाने केस विस्कटतात, शर्ट चुरगळतो अशी कुरकुर केली, तेव्हा याने त्याला शांतपणे खाली उतरवून पैसे परत केले होते. उस्ताद त्यावरून त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आणि आता लोक भेटायला येत, चहा पीत, आणि निघताना फाटकाशी हळूच म्हणत, "जगाला पट्टे बांधत फिरला बिचारा, आणि स्वतः..." पुढचं बोलायचे नाहीत, नुसतं च्च करायचे. त्या च्च ने आईचं काळीज कापलं जाई. पोर गेलं ते गेलंच, वर जाताना हसं करून गेलं असं तिला वाटे. आणि मेलेल्या मुलाची लाज वाटल्याबद्दल तिला स्वतःचीच किळस येई.

त्याच दुपारी तपास करणारा अधिकारी आला. माणूस भला होता. चपला दाराबाहेर काढून आत आला, आवाज खाली ठेवून बोलला.

"डॉक्टरांशी बोलणं झालं माझं," तो उस्तादांना म्हणाला. "तुमच्या धाकट्याच्या डाव्या खांद्यावर पट्ट्याची खूण आहे. म्हणजे तो डावीकडच्या सीटवर होता. तो सांगतो त्याच्याशी जुळतंय. चालवणाराच राहिला नाही, आता कोणावर काय करणार? आमच्या बाजूने हे इथेच संपलं."

त्याची काही चूक नव्हती. चुरगळलेली होडी पोलिसांच्या आवारात पडून होती, धाकट्याला सोडवणाऱ्यांनी पट्टे कापून टाकले होते, आणि अधिकारी स्वतः रोज ज्या साध्या मोटारीत बसतो तिचाच हिशोब त्याच्या डोक्यात होता.

"बरं, साहेब," उस्ताद म्हणाले.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, आमच्या गाडीत पट्टा मधून येतो. इतकंच. ते वाक्य तोंडात तयार होतं, जिभेवर आलं होतं.

"साखर किती घालू?" तिने विचारलं.

अधिकारी गेल्यावर उस्ताद वर्कशॉपमध्ये जाऊन एक लोखंडी कडी कानशीने घासत बसले. त्या कडीला घासायची काही गरज नव्हती, हे आईला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"ती गाडी तुम्ही बनवलीत. पट्टा कुठून येतो ते विसरलात?"

कानस चालूच राहिली.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"हॉस्पिटलात त्याचा शर्ट कापला तेव्हापासून."

"आणि मूग गिळून बसलात?"

"मग काय करू? ओरडत सुटू?" त्यांनी कानस खाली ठेवली. "एक गेला. आता दुसऱ्याला माझ्या हाताने तुरुंगात नेऊन सोडू?"

"थोरल्यावर आळ घेऊन बसलोय आपण."

"तो गेला गं. गेलेल्याला काय लागतं?"

"त्याची बायको आहे. पोर आहे."

"त्या दोघींना मी काही कमी पडू देणार नाही." त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि गालावर काळं फासलं गेलं. आईला त्यांच्यावर रागवायचं होतं, कडाडून भांडायचं होतं, आणि हा माणूस रडत होता. तिला ते सहन होईना. "थोड्या दिवसांत जाईल तो वळ," ते म्हणाले. "मग कोणी काही विचारणार नाही. तू फक्त गप्प राहा."

ती गप्प राहिली. रोज सकाळी धाकट्याच्या खोलीचं दार लावून ती त्याचं अंग पुसायची आणि वळ बघायची. जांभळ्याचा तो हिरवा झाला, हिरव्याचा कडेने पिवळा पडत गेला. पोराचं दुखणं उतरतंय म्हणून आईला बरं वाटायला हवं होतं. पण वळ फिकट होताना दिसला की तिचा जीव कासावीस व्हायचा. थोरला दुसऱ्यांदा हातातून निसटत चालला होता आणि ती स्वतःच त्याला पुसून काढत होती.

अशाच एका सकाळी फडकं पिळताना तिला दुसरी गोष्ट उमगली. धाकटा चालवत होता, तर थोरला डावीकडे होता. तिथेही पट्टा होता. तो त्याने का लावला नाही? आणि मग तिला कळलं, आणि ती टबाची कड धरून खालीच बसली.

तो ऐकत होता.

नवी होडी गिऱ्हाइकाला देण्याआधी ती ऐकायची, ही त्यांच्या वर्कशॉपची पद्धत होती. एकाने चालवायची. दुसऱ्याने पट्टा काढायचा, सीटवर उलटं फिरून गुडघ्यांवर बसायचं आणि कमानीच्या मागे डोकं काढून मागच्या चाकाला कान द्यायचा. साखळी सैल आहे का, बेअरिंग कोरडं आहे का, सगळं कानाने कळतं. तो कान थोरल्याचा. धाकट्याला तेवढा धीर कधीच नव्हता. आणि थोरल्यानेच नियम घालून दिला होता, की ऐकायचं ते अंगणातल्या अंगणात, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. फाटकाबाहेर जायचं तर आधी सरळ बसायचं आणि पट्टा लावायचा.

"काय झालं, आई?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही. पाय वळला," ती म्हणाली. आता खोटं तिलाही सहज यायला लागलं होतं.

सगळ्यात कठीण होतं ते सुनेसमोर बसणं. होडीच्या सीटा आणि पट्टे सून शिवायची. आधी हे काम आईचं होतं, पण डोळे अधू झाल्यावर तिने ते सुनेला शिकवलं आणि सून तिच्यापेक्षा सरस निघाली. थोरला गेल्यानंतर ती फार बोलत नव्हती. शिवून ठेवलेले पट्टे काढायची, त्यांच्या कडांवरून बोट फिरवायची, बक्कल लावायची, काढायची, परत लावायची. एका संध्याकाळी भाजी निवडताना ती एकदम म्हणाली,

"आई, तो पट्टा त्यांना टोचत असेल का हो?"

"कुठला?"

"त्या गाडीतला. त्याची कड मी आत दुमडली नव्हती. घाई होती तेव्हा. तशीच शिवून टाकली. मानेला टोचली असेल, म्हणून काढून ठेवला असेल त्यांनी."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"मग त्यांनी पट्टा लावला कसा नाही? त्यांनी?" सुनेने हातातली भाजी खाली ठेवली. "मी रात्रंदिवस तोच विचार करते. दुसरं कारणच सापडत नाही मला."

आईपाशी कारण होतं. ती निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसली.

सून एक दिवसाआड हॉस्पिटलात जायची. त्या मजुरासाठी डबा घेऊन. त्याची बायको डबा आहे तसा परत करायची, आणि तरी ही जायची. उस्ताद नको म्हणाले, आई नको म्हणाली, ऐकलं नाही. एक दिवस परत आली तेव्हा तिचा चेहरा पार उतरला होता.

"आज बोलल्या त्या," ती आईला म्हणाली. "म्हणाल्या, रेघ ओली होती अजून. तुमच्या नवऱ्याला माणूस दिसला नसेल, पण रेघ तरी दिसायला हवी होती."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हात जोडले. ह्यांच्या वतीने माफी मागून आले."

आईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. सून मात्र रिकामा न झालेला डबा ओट्यावर ठेवून हात धुवायला गेली.

त्या मजुराची मुलगी नातीच्याच वर्गात होती. नातीला घरात सगळे चिऊ म्हणत. चिऊने शाळेतून येऊन सांगितलं की आता तिला त्या मुलीपासून लांब, दुसऱ्या बाकावर बसवलंय. का, ते सांगितलं नाही. संध्याकाळी ती आजीच्या शेजारी येऊन बसली. दप्तराचा बंद उलगडत राहिली, गुंडाळत राहिली.

"आजी, बाबा वाईट होते का?"

"कोण म्हणालं असं?"

"कोणी नाही. मीच विचारतेय."

"नव्हते गं. तुझा बाबा फार चांगला होता."

"मग त्यांनी असं का केलं?"

सात वर्षांच्या पोरीने पाऊस कुठून येतो विचारलं, माणसं कुठे जातात विचारलं, या आजीकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे. नसलं तर ती बनवून देई. आज तिला काही बनवता येईना. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत धाकटा पलंगावर बसला होता आणि त्याला सगळं ऐकू गेलं होतं. आईने ते पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्यालाही दिसलं. त्याने पायाने दार ढकलून लावून घेतलं.

हा पोरगा घरातला हसरा. कोणाची नक्कल कर, कोणाच्या चपला लपव, आपण काही बोलायच्या आधी सगळ्यांना हसवून मोकळा. त्याच्या नावाने कोणी खोटारडा म्हणालं असतं तर आईने त्याची जीभ हासडली असती. आता ती बंद दाराकडे बघत बसली. तिच्या मनात त्याच्याबद्दल कणव दाटून आली होती, आणि त्याच्याबद्दल चीडही. दोन्हींपैकी एकही कमी होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये एक होडी पूर्ण होत आली होती. ती बरीच आधी ठरलेली होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि काम अडवून धरणं उस्तादांना कधी जमलं नव्हतं. पट्टे बसवायचे तेवढे राहिले होते. ते नुसते मोजपट्टीने बसत नाहीत. कमानीवर पट्ट्याची जागा खाली गेली तर तो खांद्यावरून घसरतो, वर गेली तर गळ्याला काचतो. म्हणून माणूस बसवून त्याच्या अंगावर माप घ्यायचं, शिंप्यासारखं. मापाला नेहमी थोरला बसायचा. सून पट्टा हातात घेऊन रिकाम्या सीटकडे बघत उभी होती.

"मी बसतो," उस्ताद म्हणाले.

आई हात पुसत दारातून आत आली होती. तिने काही ठरवून ठेवलं नव्हतं. निदान नंतर ती स्वतःला तसंच सांगत राहिली.

"तुम्ही वाकलात आता," ती म्हणाली. "तुमच्या अंगावर माप चुकेल. धाकट्याला बोलावते."

"त्याला कशाला? त्याचा हात..."

"हाताचं काय काम? नुसतं बसायचंय."

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. ती तोवर आत हाका मारायला गेली होती.

धाकटा आला. होडी बघून उंबऱ्यातच थांबला.

"आई, मला नको ना."

"वहिनीचं काम अडलंय. बस."

"डावीकडे बसतो," तो म्हणाला.

"उजवीकडे. चालवणाऱ्याचं माप आधी घेतात. तुला काय नवीन सांगायचं?"

तिचा आवाज अगदी रोजचा होता, त्यामुळे त्याला त्यावर काही म्हणता येईना. तो कमानीला धरून चढला आणि उजव्या सीटवर बसला. गळ्याचं बटण लावलेलं होतं. सून मागे जाऊन दोन सीटांच्या मध्ये उभी राहिली. तिने कमानीतून पट्टा ओढला, त्याच्या डाव्या खांद्यावरून, छातीवरून तिरका नेला आणि उजव्या कमरेपाशी बक्कलमध्ये अडकवला. टक आवाज झाला. मग नेहमीसारखा तिने तो वरून खेचून ताणला.

धाकट्याने श्वास आत ओढला.

"काय झालं भावजी? काचला?"

"नाही. ठीक आहे."

"थांबा, बघू दे." पट्टा आणि खांदा यांत दोन बोटं जायला हवीत, असा तिचा हिशोब होता. तिने बोटं घातली. तिच्या बोटांना काहीतरी खरबरीत लागलं. तिने गळ्याचं बटण काढून शर्ट बाजूला सारला.

वळ बराच फिकट झाला होता, पण पुसला गेला नव्हता. खांद्यावरची खपली अजून होती, आणि पट्टा तिच्यावरून कडेला कड लावून गेला होता. सुनेने पट्टा उचलला, बाजूला धरला, पुन्हा होता तिथे ठेवला. मग खांद्यापासून खाली बक्कलपर्यंत नजर नेली आणि तिथून परत वर आणली. तिला वेळ लागला, फार नाही.

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. तो ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"भावजी," सून म्हणाली. "ते ऐकत होते का?"

"वहिनी..."

"ऐकत होते का?"

"हो."

तो समोरच्या वीतभर काचेकडे बघत होता. बोलायला लागला तो त्या काचेशीच बोलल्यासारखा.

"मागे कुठेतरी वाजत होतं. अंगणात सापडेना. दादा म्हणाला राहू दे, उद्या बघू. मीच म्हटलं, वेगात सापडेल, आणि काढली फाटकाबाहेर. तो पाठमोरा बसलेला, ओरडत होता हळू घे म्हणून. मला गंमत वाटली वहिनी. म्हटलं जरा घाबरवू. चांगला घाबरला की झक मारत सरळ बसेल आणि पट्टा लावेल." त्याने ओठ चावले. "मग तो म्हणाला, थांब, सापडला आवाज. मी मागे वळून बघितलं. तेवढंच."

त्याने प्लास्टरचा हात मांडीवर घेतला.

"लोक धावत आले. म्हणाले, गेला तोच चालवत होता ना? मी मान हलवली. मला तेव्हा काही कळत नव्हतं. नंतर कळत होतं, पण..."

सून अजून त्याच्या मागे उभी होती. तिचा हात पट्ट्यावर होता आणि अंगठा कडेवरून मागेपुढे फिरत होता.

"म्हणजे पट्टा टोचत नव्हता त्यांना," ती म्हणाली.

"नाही वहिनी."

तिने डोळे मिटले. आईला वाटलं, आता ही कोसळेल, किंवा याच्या तोंडात मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण सुनेने वाकून बक्कलचं बटण दाबलं. पट्टा सरसर मागे गेला.

"उतरा. चिऊची शाळा सुटायची वेळ झाली. माझ्याबरोबर चला."

"मी? मी काय सांगू तिला?"

"मला सांगितलंत तेच. आधी तिला सांगायचं. तिथून पुढे कुठे जायचं ते तुमचं तुम्हाला माहीत आहे."

तो उतरला. सून त्याच्यासाठी थांबली नाही. चपला पायात सरकवून ती फाटकाबाहेर पडली. तो तिच्या मागे गेला, शर्टाचं वरचं बटण तसंच उघडं ठेवून.

"तू मुद्दाम बोलावलंस त्याला," उस्ताद म्हणाले.

आई फाटकापर्यंत गेली. रस्त्यावर ऊन होतं आणि फारसं कोणी नव्हतं. गल्लीच्या टोकाशी रस्ता फुटतो, डावीकडे शाळा आणि उजवीकडे बसस्टँड. सून डावीकडे वळून दिसेनाशी झाली. तिने मागे पाहिलं नव्हतं.

धाकटा कोपऱ्यावर थांबला. बसस्टँडच्या बाजूने एक गाडी सुटत असल्याचा हॉर्न ऐकू आला. त्याने तिकडे मान वळवली आणि तसाच उभा राहिला. आईच्या तोंडाशी हाक आली. ती त्याला परत बोलावण्याची होती, पळ म्हणण्याची होती, की जा म्हणण्याची, हे तिचं तिलाही कळेना. तिने ती गिळून टाकली आणि फाटकाचा गज घट्ट धरला.

त्याने प्लास्टरचा हात छातीशी धरला आणि तो डावीकडे वळला.